ऐनाचे शेंडे

आमच्याकडे भात पेरायच्या आधी जमीन भाजतात. हे वाक्य मी मागे ठाण्यात एका सभेत बोललो तेव्हा पुढच्या रांगेतले एक पगडीवाले गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "जमीन भाजतात? मग वरून फोडणी कशाची देतात?" सभा हसली. मीही हसलो असतो, पण त्या गृहस्थांच्या ताटात दोन्ही वेळा जो भात पडतो तो आमच्याच तालुक्यातून येतो, हे मला ठाऊक होतं. ज्याच्या पोटात रोज भात जातो त्याला राब कशाशी खातात हे माहीत नसावं, याचा मला तेव्हाही संताप आला आणि आजही येतो. म्हणून आधी तेच सांगतो. ज्या वाफ्यात भाताचं रोप करायचं त्यावर शेणाचा थर द्यायचा, शेणावर ऐनाच्या झाडाच्या डहाळ्या, डहाळ्यांवर गवत आणि सुक्या पानांचा पातेरा, आणि सगळ्यावर माती भुरभुरायची. उन्हाळ्यात हे सारं पेटवायचं. वारा जिकडून येतो तिकडून पेटवलं तर आग भुर्रकन पळते आणि जमीन कच्ची राहते. म्हणून वाऱ्याच्या उलट्या अंगाला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याशी भांडत भांडत हळू सरकते आणि माती नीट भाजते. अशा जमिनीतलं रोप जोमदार येतं. न भाजलेल्या जमिनीतलं रोप पिवळं पडतं, त्याच्यापेक्षा तण मोठं होतं, आणि ते लावलं तरी हाताला पेंढाच लागतो. हे आमच्याकडे पोराटोरांना कळतं. सरकारी जंगलखात्याला ते कळत नव्हतं, म्हणून ही गोष्ट घडली.

आमचं गाव खडवलीच्या अलीकडे, भातसा नदीच्या काठावर. घर कुडाचं, पेंढ्याने शाकारलेलं. पहाटे सगळ्यात आधी जातं बोलायचं, मग बैलांच्या गळ्यातली लाकडी घाटी, मग आईचा आवाज. आई कुणाशी बोलत नसे, ती चुलीशी भांडत असे. "पेट की मेले, तुझ्या नवऱ्याला भूक लागलीय," असं ती चुलीला म्हणायची आणि ओसरीवर बसलेला बा गालात हसायचा. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी नाचणीची भाकरी आणि जवळ्याची चटणी, मोहाची फुलं पडली की त्यांची भाजी. भात सणाला आणि पाहुण्याला. भात पिकवणाऱ्याच्या घरी भात सणाला, हे वाक्य मी पुढे एका पत्रकात छापलं तेव्हा लोकांना ते अलंकारिक वाटलं. त्यात अलंकार काही नव्हता. बा गावचा पाटील होता, आणि पाटलाच्या घरचं हे असं होतं. बाकीच्यांचं तुम्हीच समजा.

बाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून तो कुणी लबाड माणूस होता असं वाटेल. तसं असतं तर हे प्रकरण लिहायला मला इतका त्रास झाला नसता. बा बैल विकताना गिऱ्हाइकाला आधी बैलाची खोड सांगायचा. "हा उजवीकडे ओढतो, आधीच सांगतो, मागनं शिव्या द्यायला येशील." बाजारातले दलाल त्याला हसायचे. राब पेटवायचा असला की तो मला वाफ्याच्या कडेला उभा करायचा, चिमूटभर माती उडवून वारा बघायला लावायचा आणि काडी माझ्या हातात द्यायचा. मी सहा इयत्ता कल्याणला मामाकडे राहून शिकलो आणि घरी परत आलो, तेव्हा गावात चार लोकांसमोर तो म्हणाला, "आता आमच्या घरात एक तरी माणूस असा हाय, ज्याला कागद बघून घाम फुटत नाय." त्या दिवशी मला जी उंची आली ती पुढे कधी आली नाही.

आता गोमा. ऐनाच्या डहाळ्या तोडायला झाडावर चढावं लागतं, आणि आम्ही कुणबी माणसं नांगरामागे वाघ असलो तरी झाडावर गाई असतो. चढायचं काम ठाकरांचं. टेकडीपलीकडे त्यांचा पाडा होता. थंडी सरत आली की ते यायचे, कमरेला मागे लाकडी आकडीत कोयता अडकवलेला, आणि सरसर वर. आमच्या घरी गोमा यायचा, त्याच्या आधी त्याचा बाप यायचा. दुपारची भाकरी आमच्याकडे, आणि काम संपलं की मजुरीचं भात. गोमा बडबड्या, पिणारा, आणि तोंडाचा फार वाईट होता. वरून डहाळी टाकताना "सरा रं" असं ओरडायचा तो डहाळी खाली पडल्यावर. माझ्या बाला झाडावरून म्हणायचा, "पाटील, एकदा वर या, गाव दिसतो कसा बघा. खालनं तुम्हांला नुसती बैलांची ढुंगणं दिसतात." बा खालून म्हणायचा, "तू खाली ये, मंग तुझं दाखवतो." हा त्यांचा दरवर्षीचा खेळ होता. खालच्या बायका डहाळ्या गोळा करता करता हसून लोळायच्या.

तोडण्याचा एक नियम होता. बाजूच्या डहाळ्या घ्यायच्या, शेंडा राखायचा. शेंडा राहिला की झाड दोन वर्षांत पुन्हा भरतं. शेंडा गेला की झाड बोडकं होतं आणि बसतं. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण तो मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा नसे. मग सरकारने रान बंद केलं. टेकडीवर खांब ठोकले, रानशिपाई नेमला, आणि आम्हांला सांगितलं की खांबाच्या अलीकडची झाडं तेवढी तोडा. खांबाच्या अलीकडे झाडं होती किती? आमच्या वरकस, म्हणजे नाचणी-वरीच्या, जमिनीतले चार ऐन आणि बांधावरचे काही. राब तर पूर्वीइतकाच लागणार होता. बंदीचं पहिलं साल आलं तेव्हा बाजूच्या डहाळ्या काढून झाल्या आणि ढीग अर्धाही झाला नव्हता. गोमा वर बसून होता. बाने खालून ढिगाकडे बघितलं, झाडाकडे बघितलं आणि म्हणाला, "शेंडा पण घे."

"घेऊ?" गोमा म्हणाला. त्याने एरवीसारखी थट्टा केली नाही.

"घे म्हणतो ना. रोपच आलं नाय तर झाड ठेवून काय त्याची आरती करायची?"

त्या वर्षी सगळ्या गावाने तेच केलं. प्रत्येकाच्या जमिनीतले ऐन बोडके झाले. टेकडीवरून बघितलं तर खांबांच्या अलीकडे जणू कुणी माणसं पुरून त्यांचे हात तेवढे वर ठेवले होते.

त्याच सुमाराला ठाण्याचे वकील आमच्या गावी पहिल्यांदा आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते वारले, आणि त्यांच्या मुलांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. पांढरं शुभ्र उपरणं, गोड आवाज, आणि हातात छापील पत्रकं. रानाच्या बंदीविरुद्ध त्यांनी ठाण्यात मंडळी जमवली होती. पत्रकं त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मुला, हे गावाला वाचून दाखव. तू आमचा इथला माणूस." गावदेवीच्या देवळात मी ती पत्रकं वाचायला लागलो. काय भाषा होती ती! रयतेचा घास, रानाचा मालक कोण, कुणबी आणि ठाकर एकाच आईची लेकरं. मला एकेक पत्रक पाठ झालं. बैल चारताना मी बैलांना भाषणं द्यायचो. लिहायला मी त्याच पत्रकांवर शिकलो, हे नाकारण्यात अर्थ नाही. आजही माझं वाक्य कुठे जोरात सुटलं की त्याच्या मागे मला ते पांढरं उपरणं दिसतं, आणि मी ते वाक्य खोडतो.

मग बातमी आली की रयतेच्या तक्रारी ऐकायला एक मोठा साहेब येणार, आमच्या बाजूला आमराईत तंबू टाकून बसणार, आणि गावागावाने आपलं म्हणणं तोंडी सांगायचं. वकिलांनी सांगितलं, ठाकरांनाही आणा. माणसं जितकी जास्त तितकं वजन जास्त. ठाकरांना आणायचं काम माझ्याकडे आलं. मी पाड्यावर गेलो. गोमा अंगणात दोरखंड वळत बसला होता, आणि त्याची बायको बुधी वरी पाखडत होती. मी उभ्या उभ्या अर्धं पत्रक म्हणून दाखवलं. गोमा तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. "सदू, तुझ्या तोंडातनं रेलगाडी सुटल्यासारखं येतं रं," तो म्हणाला.

बुधीने सूप खाली ठेवलं. "साहेब इचारील, शेंडे कुणी तोडले. मंग काय सांगाल?"

"सगळे मिळून सांगणार," मी म्हणालो. "आम्ही सगळ्यांनी तोडले, कारण बाकीचं रान तुम्ही बंद केलंत. बा बोलणार आहे."

"तुमचा बा बोलंल वो. कोयता यांच्या कमरंला हाय."

"बाने शब्द दिलाय," मी म्हणालो. मला तिचा राग आला होता. बैलाची खोड सांगून बैल विकणाऱ्या माणसाबद्दल ही असं बोलते! मी म्हणालो, "काकी, आमच्या बाचा शब्द तुम्ही कधी पडलेला बघितलाय का?" तिने सूप पुन्हा उचललं.

बाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग बेलभंडार उचलू. गावदेवीसमोर ताटात बेलाची पानं आणि हळद ठेवली. ज्याने ती उचलून शब्द दिला त्याला तो शब्द आमच्याकडे मोडता येत नाही. मोडणाऱ्याच्या घरचं पाणी लोक पीत नाहीत. आधी बाने उचलला, मग गावातल्या खातेदारांनी, मग ठाकरांनी. "तोडलं ते सगळ्यांनी, सांगू ते सगळे." गोमाने कपाळाला हळद फासून घेतली आणि म्हणाला, "पाटील, हळद लागली, आता जेवण कधी घालता?" बा म्हणाला, "साहेबाला आधी लग्नाला येऊ दे." मी तिथे उभा होतो. माझ्या आयुष्यात त्यानंतर मी कितीतरी सभा पाहिल्या, ठराव पाहिले, टाळ्या पाहिल्या. तसा पक्का ठराव पुन्हा पाहिला नाही.

साहेबाच्या दिवशी आम्ही सगळे आमराईत गेलो. तंबूसमोर टेबल, टेबलामागे लालबुंद साहेब, शेजारी कारकून. साहेबाला मराठी येत होतं, पुस्तकातलं. गावं एकेक करून पुढे जात होती. आमची पाळी यायच्या जरा आधी वकिलांनी बाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला गाड्यांच्या पलीकडे नेलं. मला वाटलं, काय बोलायचं ते पक्कं करून घेताहेत. मला अभिमान वाटला, की ठाण्याचा वकील माझ्या बाच्या खांद्यावर हात ठेवतो.

बा पुढे गेला. आम्ही मागे उभे राहिलो, डावीकडे आम्ही, उजवीकडे ठाकर. साहेबाने विचारलं, "या गावातील वृक्षांचे शेंडे कोणी छाटले?"

मी ओठांतल्या ओठांत उत्तर म्हणत होतो. आम्ही सगळ्यांनी, साहेब.

"ठाकरांनी," बा म्हणाला.

"तुमच्या सांगण्यावरून?"

"नाय साहेब. आम्ही कुणबी माणसं. आम्हांला झाडावर चढता येत नाय, कुणालाही इचारा. ते रानातले लोक, कोयता घेऊन फिरणारे. त्यांना कोण सांगणार? आमच्या जमिनीतली झाडं आमच्या ताब्यात द्या, आम्ही पोटच्या पोरासारखी राखू."

गोमा हसला. हे मला अजून झोपेतही ऐकू येतं. तो खो खो हसला, कारण त्याला वाटलं, पाटलाने साहेबाची फिरकी घेतली आणि आता पुढे खरं बोलणार. त्याच्या शेजारचे दोघे-तिघेही हसले. मग बा वळून खाली मान घालून परत आला, आणि कारकुनाने पुढच्या गावाचं नाव पुकारलं. तेव्हा ते हसणं एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. मी वकिलांकडे धावलो. "ठाकरांना बोलू द्या. त्यांना तुम्हीच बोलावलंत!"

"हळू बोल," वकील म्हणाले. "आधी खातेदारांचं पदरात पाडून घेऊ. सगळ्यांचं एकदम मागितलं तर कुणालाच मिळणार नाही. ठाकरांचं आपण पुढच्या अर्जात घेऊ."

पुढचा अर्ज कधी निघाला नाही. मी पुढे त्यांच्याच छापखान्यात काही दिवस खिळे जुळवायला होतो. अर्ज निघाला असता तर मला कळलं असतं.

मी वळलो तोवर ठाकर निघाले होते. गोमा तेवढा थांबला होता. त्याने मला विचारलं, "सदू, तुझा बा इसरला का रं?" त्याला अजूनही कुठेतरी तसंच वाटत होतं. मला 'हो' म्हणता आलं असतं. मी मान फिरवून वकिलांकडे बघितलं. मग तोही गेला.

परत येताना गाडीत मी बाच्या पाठीमागे बसलो होतो. म्हणालो, "बेलभंडार उचलला होतास."

"उचलला होता."

"मग?"

"मग काय? सगळ्यांनी तोडले म्हटलं असतं तर आपल्या जमिनीतली झाडं पण सरकारजमा झाली असती. वकील म्हणाला. मंग राब कशाचा करणार, तुझ्या पत्रकांचा?"

"आणि गोमा?"

"गोमाची जमीन हाय का? नाय. त्याचं काय जाणार हाय? साहेबासमोर बोलायचं येगळं, आपलं आपलं येगळं. गोमाला ठावं हाय ते."

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती तरी बाशी भांडेल. जी चुलीशी भांडते ती नवऱ्याशी का भांडणार नाही? तिने सगळं ऐकलं, माझ्यासमोर भाकरी ठेवली आणि म्हणाली, "सदा, त्याची पोरं उपाशी राहिली तर वाईट. माझी राहिली तर मी काय करू, ते सांग." मी भाकरी बाजूला सारली. तिने ती उचलून बाच्या ताटात ठेवली. गावातही कुणी काही बोललं नाही. बेलभंडार मोडणाऱ्याच्या घरचं पाणी पीत नाहीत म्हणे! सगळे आमच्या ओसरीवर येऊन बसले, पाणी प्याले, सुपारी कातरली. सगळ्यांचीच झाडं वाचली होती ना.

हुकूम आला तो बाला हवा तसा आला. खातेदाराने आपल्या जमिनीतल्या झाडांच्या डहाळ्या तोडाव्यात, त्याला मोकळीक. ठाकरांनी कोयता घेऊन कुठल्याही झाडाखाली दिसू नये, दिसला तर पकडावा. वकिलांनी ठाण्यात पेढे वाटले. आता गंमत बघा. झाडं आमची झाली, आणि झाडावर चढणारा माणूस गुन्हेगार झाला. पुढच्या थंडीत बोडक्या ऐनावर जी काही फूट आली होती ती तोडायला बा खाली कोयता घेऊन उभा राहिला, एक पाय बुंध्यावर ठेवला आणि परत जमिनीवर ठेवला. गावात एकाने प्रयत्न केला, तो पडला आणि कंबर मोडून बसला. तेव्हा बा मला म्हणाला, "जा, गोमाला बोलाव."

"मी नाही जाणार."

"का?"

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"तोंडाने काय बोलायचंय? तू नुसता जा, त्याला कळेल." मी गेलो नाही. मग बा स्वतः गेला. मला खात्री होती की गोमा त्याला पाड्यावरून हाकलून देईल. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो. बा परत यावा रिकाम्या हाताने, मान खाली घालून. बा परत आला, आणि त्याच्या मागून गोमा आला, कमरेला आकडी आणि कोयता.

गोमा चढला. थट्टा केली नाही, पण चढला. त्याचं गेलं साल कसं गेलं होतं ते त्याच्या बरगड्यांवरून कळत होतं. जेमतेम का होईना, ढीग झाला होता तेव्हा रानशिपाई बांधावरून आला. बहुधा कुणीतरी कळवलं असावं. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "उतर." गोमा उतरला. शिपायाने कोयता घेतला आणि बाकडे वळला. "पाटील, हा तुम्ही बोलावलेला माणूस का?"

बा गोमापासून दोन हातांवर उभा होता. खाली डहाळ्यांचा ढीग, आईच्या हातात गोमाच्या दुपारच्या भाकरीची शिदोरी. बा म्हणाला, "नाय. मी नाय बोलावला."

"मी बोलावला," मी म्हणालो.

शिपायाने माझ्याकडे बघितलं, मग बाकडे. बा म्हणाला, "पोर खुळं हाय. पुस्तकं वाचतं." शिपाई हसला. त्याने गोमाचे हात त्याच्याच दोराने बांधले आणि निघाला. मी मागे निघालो. कल्याणपर्यंत मी त्यांच्या मागे चाललो. वाटेभर मी जे सांगणार होतो ते मनात जुळवत होतो. बेलभंडार, बाचा शब्द, शेंडे कुणी काढायला सांगितले, आज कोण बोलवायला गेलं. आयुष्यातलं माझं पहिलं भाषण मी त्या रस्त्यावर तयार केलं.

कल्याणच्या कचेरीत मामलेदारासमोर गोमाला उभं केलं. मी पुढे झालो आणि बोलायला लागलो. मामलेदाराने मला ऐकून घेतलं, हे मान्य केलं पाहिजे. मग त्याने गोमाला विचारलं, "हा मुलगा म्हणतो की पाटलानं तुला बोलावलं. खरं का?"

गोमाने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. "नाय, मायबाप. मी आपलाच गेलतो. या पोराला काय ठावं?"

मी ओरडलो असेन, कारण शिपायाने मला धरून बाहेर काढलं. गोमाला कैद झाली. त्याला बाहेर आणलं तेव्हा मी ओट्यावर उभा होतो. त्या घटकेला मला बाइतकाच गोमाचा राग आला होता. ज्याच्यासाठी मी घरदार सोडून धावत आलो, त्याने मला चारचौघांत खोटं पाडलं. मी म्हणालो, "का असं केलंस? तुझ्या बाजूने बोलत होतो मी!"

"तू बोलशील आणि जाशील," गोमा म्हणाला. "पाटलाचं नाव घेतलं तर पुढल्या वर्षी मना कोण बोलवील? तू?" शिपाई त्याला ओढायला लागला. चालता चालता तो मागे वळून म्हणाला, "बाला सांग, डहाळ्या तोडल्या तेवढं माझं भात बुधीला पोचवा. आजचं काम झालेलं हाय."

हे काम मात्र मला जमण्यासारखं होतं. मी तसाच घरी परत आलो. बा ओसरीवर बसला होता, आई दळत होती. ऐनाच्या डहाळ्या खळ्यात आणून नीट रचून ठेवलेल्या होत्या. मी म्हणालो, "गोमाला कैद झाली. त्याने तुझं नाव घेतलं नाही. त्याचं भात बुधीला द्यायला सांगितलंय. दे, मी पोचवून येतो."

जातं थांबलं. बाने माझ्याकडे अगदी शांतपणे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना लाज. बैलाची खोड सांगताना तो असाच दिसायचा.

"कसलं भात?" बा म्हणाला. "मी बोलावलाच नव्हता त्याला."

ओसरीवर त्या वेळी ना साहेब होता, ना वकील, ना शिपाई. आम्ही तिघंच होतो.